साइन्ड विमानपुस्तकांचं दुकान: पुस्तकांना साडेचार स्टार, काचेच्या कपाटाला दोन

एकूण सव्वातीन स्टार देतोय, पण त्या आकड्यावर जाऊ नका. पुस्तकांच्या बाजूला डोळे झाकून साडेचार द्यावेत असं दुकान आहे, आणि काउंटरमागच्या काचेच्या कपाटाला दोनच्या वर जायला हात धजत नाही, मग सरासरी जी यायची ती आली. दुकान इंग्लंडमधलं, माल सगळा विमानांचा, त्यातही बहुतेक दुसरं महायुद्ध आणि त्यातही खास करून फायटर पायलटांनी सह्या केलेली पुस्तकं. नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि एकट्या माणसाचा धंदा आहे, उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला. ज्यांना हा नाद आहे ते बरोबर ओळखतील.

आधी चांगलं सांगतो. यांची लिस्टिंग वाचायलाच मजा येते. बाकी ठिकाणी कसं असतं, 'साइन्ड' लिहिलं, एक तिरका फोटो टाकला, झालं. आता 'रीच फॉर द स्काय' घ्या, 1954 चं पुस्तक, फायटर पायलट डग्लस बेडरच्या आयुष्यावरचं पण लिहिलंय पॉल ब्रिकहिलने, मग सही लेखकाची का ज्याच्यावर पुस्तक आहे त्याची? दोघांची असेल तर किंमत वेगळी, एकाची असेल तर वेगळी, आणि बाहेर कित्येक डीलर हे लिहायचे कष्टच घेत नाहीत, विचारायला ईमेल करा मग तीन दिवसांनी उत्तर. इथे प्रत्येक पुस्तकाखाली सरळ लिहिलेलं असतं की सही कुणाची, कुठल्या पानावर, कुठल्या पेनाने, थेट पानावर का बुकप्लेटवर (पुस्तकात लावायच्या लेबलावर), बुकप्लेट असेल तर ती छापतानाच बांधलेली का नंतर चिकटवलेली, आणि ती कुठून आली हे माहीत असेल तर तेही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहितात! या धंद्यात हे म्हणजे फारच झालं राव.

बुकप्लेटची भानगड नव्या लोकांसाठी सांगून टाकतो. म्हातारे झालेले पायलट प्रत्येक पुस्तकावर बसून सह्या करणार कुठे, म्हणून प्रकाशक त्यांच्या घरी लेबलांचे गठ्ठे पाठवायचे, ते सह्या करून परत पाठवायचे आणि मग ती लेबलं पुस्तकात चिकटवली जायची. त्यात खोटं काही नाही, सही खरीच आहे, फक्त त्या माणसाने ते पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. काहींना याने फरक पडत नाही, मला पडतो. आणि सुटं लेबल कुठल्याही पुस्तकात जाऊ शकतं हा मुद्दा आहेच, एखादं साधं रीप्रिंट घ्यायचं, आत लेबल लावायचं की किंमत तिप्पट.

यांच्याकडे माझा विश्वास बसला तो एका न विकलेल्या पुस्तकामुळे. गाय गिब्सनचं 'एनिमी कोस्ट अहेड' होतं शेल्फवर, पहिली आवृत्ती, आत गिब्सनची सही चिकटवलेली. गिब्सनला लोक धरणांवरच्या बॉम्बहल्ल्यासाठी ओळखतात पण मधल्या काळात त्याने 29 स्क्वाड्रन या विमानतुकडीत ब्यूफायटर विमानावर नाइट फायटर पायलट म्हणूनही काम केलं होतं त्यामुळे फायटरवाल्यांच्या यादीत पण तो बसतो. तर तो गेला 19 सप्टेंबर 1944 ला आणि पुस्तक आलं 1946 ला. म्हणजे त्याने सही केलेलं ते पुस्तक जगात असूच शकत नाही, जी काय सही असेल ती दुसरीकडून कापून आणलेली, पत्रातून म्हणा, ऑटोग्राफच्या वहीतून म्हणा. यांनी हे सगळं पेन्सिलने आतल्या पानावर लिहून ठेवलेलं आणि किंमत पुस्तकाची वेगळी, सहीच्या तुकड्याची वेगळी मांडलेली. दुसरा कुणी असता तर 'अत्यंत दुर्मिळ' म्हणून लावलं असतं वरच्या कप्प्यात.

तारखा बघायची ही सवय लागली ना की निम्मं काम होतं. रिचर्ड हिलरीचं 'द लास्ट एनिमी' ब्रिटनमधे आलं 1942 च्या उन्हाळ्यात आणि तो विमान अपघातात गेला 8 जानेवारी 1943 ला. सही करायला माणसाला मिळाले जेमतेम काही महिने, तेही 3 सप्टेंबर 1940 ला स्पिटफायर विमान पेटून भाजलेल्या हातांनी. म्हणून त्याची खरी साइन्ड कॉपी निघाली की लिलावात उड्या पडतात. याउलट ब्रिटिश पायलट जॉनी जॉन्सन, शत्रूची 34 विमानं पाडल्याची नोंद नावावर, पण माणूस जगला 2001 पर्यंत आणि हौसेने सह्या करत राहिला त्यामुळे त्याची सही आजही सामान्य माणसाच्या खिशाला झेपते. तेच जर्मन बाजूला आडोल्फ गालांडचं, 1996 पर्यंत होता, नंतरच्या काळात कार्यक्रमांना यायचा, प्रिंटांवर पुस्तकांवर भरपूर सह्या केल्या. म्हणजे किती विमानं पाडली यावर भाव ठरत नाही, किती वर्षं पेन हातात धरता आलं यावर ठरतो. फायटर पायलट पॅडी फिनुकेन जुलै 1942 मधे एकविसाव्या वर्षी गेला, त्याच्या सहीची काय किंमत लावतात ते विचारूच नका.

मी घेतलं ते जॉन्सनचं 'विंग लीडर', 1956 ची पहिली आवृत्ती, नव्वद पौंडांना पडलं. डस्टजॅकेटचा कणा उन्हाने फिका पडलाय, आतल्या फ्लॅपवरचा किमतीचा कोपरा कापलेला, पानांवर तांबूस ठिपके, हे सगळं लिस्टिंगमधे होतं त्यामुळे तक्रार नाही. पण सही बघा. टायटल पेजवर फाउंटन पेनने, कुणा मुलाला शुभेच्छा लिहून खाली सही, आणि समोरच्या पानावर त्याच सहीची उलटी पुसट सावली उमटलेली, म्हणजे शाई ओली असतानाच पुस्तक मिटलेलं दिसतंय. भिंगाने बघितलं तर शाई कागदाच्या तंतूंमधे दोन्ही बाजूंनी जराशी पसरलेली, 'जे'चा खालचा फाटा जिथे सुरू होतो तिथे निबचे दोन दात फाकल्याच्या बारीक दोन रेघा आणि मधे कोरी फट. छापील सहीत हे येत नाही, तिथे भिंगाखाली सपाट रंग नाहीतर ठिपके दिसतात. डीलर लोक नाव घालून दिलेली सही कमी भावात घेतात कारण गिऱ्हाइकाला नुसती सही हवी असते, मला उलट तीच आवडते. ज्या मुलाला दिलं तो खरा, दिवस खरा, नुसत्या सहीला असं काही चिकटलेलं नसतं. आणि यांनी त्या नावामुळे किंमत कमी लावली होती, माझा फायदा!

युद्धकाळातलीच पुस्तकं हवी असतील तर यांचा तो कप्पा वेगळा आहे आणि माझ्या मते दुकानातला सगळ्यात भारी कप्पा तोच. ब्रिटनमधे कागदाचं रेशनिंग होतं, 1942 पासून पुस्तकं वॉर इकॉनॉमी स्टँडर्डप्रमाणे छापायची, आत उघड्या पुस्तकावर बसलेल्या सिंहाचं चिन्ह असतं. पातळ पिवळट कागद, मार्जिन नावाला, अक्षर बारीक. त्यावर फाउंटन पेनने सही केली की मागच्या पानावर शाई दिसतेच दिसते. दिसली नाही तर मी दोनदा बघतो. आणि तारीख 1941 ची, पेन बॉलपॉइंट, असं काही दिसलं तर सरळ पुस्तक खाली ठेवायचं, कारण बॉलपॉइंट ब्रिटनच्या दुकानांत मिळायला लागलं ते 1945 च्या शेवटी. आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, काही लोकांना त्याच्या जरा आधी मिळालं होतं ते खरंय पण 1941 मधे नाही. मार्कर तर त्याच्याही नंतरचा. अर्थात 1942 च्या पुस्तकावर 1985 मधे मार्करने सही केली असेल तर ती खरी असू शकते, फक्त मग ती युद्धकाळातली सही म्हणून विकायची नाही. यांच्याकडे हा फरक लिहिलेला असतो.

काउंटरवर छोटा यूव्ही लाइट पण ठेवलाय, मागितला की देतात. साधारण 1950 नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी केमिकल घालायला लागले, ते या लाइटखाली निळंपांढरं चमकतं. जुना कागद मख्ख राहतो. तेव्हा 'युद्धकाळातली बुकप्लेट' जर ट्यूबलाइटसारखी उजळली तर समजून जायचं. मालक स्वतःहून लाइट पुढे करतो, मला हे फार आवडलं.

आता बजेट कमी असेल तर पुस्तकांच्या नादी न लागता यांच्याकडचे पोस्टाचे कव्हर बघा. आरएएफ म्युझियम आणि आरएएफ एस्केपिंग सोसायटीने सत्तरच्या दशकापासून विमानातून नेलेले सचित्र लिफाफे काढले, त्यावर पायलटांच्या सह्या असायच्या आणि पैसा संस्थेच्या कामाला जायचा. एकेका लिफाफ्यावर दोन-दोन तीन-तीन सह्या, कधी दोन्ही बाजूंचे लोक एकत्र, आणि कुठून आले हे आपोआप सिद्ध. पुस्तकवाले त्यांच्याकडे नाक मुरडतात, स्टँपवाले पण मुरडतात, म्हणूनच स्वस्त आहेत. दोन शूबॉक्स भरून होते, काहीच क्रमाने लावलेलं नाही, स्वतः चाळत बसावं लागतं, वेळ काढून जा.

इथपर्यंत साडेचार. आता काचेचं कपाट.

हा माणूस पुस्तकाच्या सहीबद्दल इतका काटेकोर, तोच वस्तूंच्या बाबतीत इतका ढिला कसा काय हे मला खरंच समजलं नाही. कपाटात वरच ठेवलाय चुरगळलेल्या ॲल्युमिनियमचा तळहाताएवढा तुकडा, खाली चिठ्ठी 'स्पिटफायरचा पत्रा, बॅटल ऑफ ब्रिटन' (म्हणजे 1940 ची ब्रिटनवरची हवाई लढाई), आणि किंमत अशी की त्यात दोन 'विंग लीडर' येतील. मी विचारलं कुठल्या विमानाचा, तर म्हणे केंटमधे सापडलेला. कोणी शोधला? जुन्या संग्रहातून आला. लायसन्स? गोलमोल उत्तर. आता गंमत अशी की ब्रिटनमधे 1986 चा प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स ॲक्ट आहे, पडलेल्या लष्करी विमानाची जागा संरक्षण मंत्रालयाच्या लायसन्सशिवाय उकरता येत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी आत माणूस अजून असू शकतो. तुकडा 1986 च्या आधी खणलेला असेल तर ठीक आहे पण मग तसं लिहा, कुठल्या साली कोणी खणला, विमानाचा सिरियल नंबर काय, पायलट कोण. यातलं काही नसेल तर तो भंगाराचा तुकडा आहे, भले खरा असो.

आणि खरा आहे का ते बघायला पण काहीतरी लागतं ना. स्पिटफायरच्या भागांवर पार्ट नंबर ठोकलेले असतात, सुरुवातीच्या मार्कांना (मॉडेलांना) 300 ने सुरू होणारे, कारण स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीनचा तो टाइप नंबरच 300, आणि कॅसल ब्रॉमिचच्या कारखान्यातला भाग असेल तर सीबीएएफ असा इन्स्पेक्शनचा शिक्का. मी तुकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला, रिव्हेटची रांग आहे, आतल्या बाजूला हिरवट रंगाचा पापुद्रा आहे, नंबर नाही, शिक्का नाही. असू शकतो स्पिटफायरचा. दुसऱ्या कशाचाही असू शकतो. ज्या माणसाने गिब्सनच्या सहीवर एवढं पेन्सिलने लिहून ठेवलं त्याने याच्यावर निदान 'असं म्हणतात' एवढं तरी लिहायचं.

खालच्या कप्प्यात कॉकपिटमधलं एक आल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) होतं, ते मात्र छान होतं आणि डायलवर एअर मिनिस्ट्रीचा (हवाई दलाच्या मंत्रालयाचा) मुकुट आणि 'एएम' ही अक्षरं व्यवस्थित. पण त्यावर एक ओळीची सूचना तरी हवी होती. त्या काळातल्या चमकणाऱ्या आकड्यांत रेडियमचा रंग असायचा, आता चमक गेलेली असली तरी रेडियम कुठे जात नाही, त्याचं अर्धं आयुष्य 1600 वर्षं. काच बंद आहे तोवर ठीक, पण पोरांनी उघडून खरवडलं तर तो चुरा श्वासातून आत जाणं चांगलं नाही. मी सांगितल्यावर 'सगळ्यांना माहीत असतं' म्हणाला. नसतं हो माहीत, लोक ते भेट म्हणून घेऊन जातात.

मेडलचा ट्रे बघून तर मी पुढे सरकलो. बॅटल ऑफ ब्रिटनचा क्लॅस्प, 1939-45 स्टारच्या रिबिनीवर लावायची ती छोटी पट्टी, 10 जुलै ते 31 ऑक्टोबर 1940 मधे ठरलेल्या स्क्वाड्रनमधून निदान एक ऑपरेशनल उड्डाण केलेल्यांना मिळालेली, असे जेमतेम तीन हजारांच्या आतले लोक. आणि नकला इतक्या आहेत की मोजदाद नाही. ब्रिटनमधे ते युद्धातले स्टार नाव न कोरता दिले गेले त्यामुळे नुसत्या मेडलवरून ते कुणाचं हे कळायला मार्गच नाही. डीएफसी या शौर्यपदकाच्या मागे साल असतं पण नाव अधिकृतपणे नसतं, डीएफएम या दुसऱ्या शौर्यपदकाच्या कडेवर मात्र असतं. म्हणून कागदपत्रांशिवाय, लॉगबुकशिवाय (पायलटच्या उड्डाणांच्या वहीशिवाय) असा क्लॅस्प घेणं म्हणजे पैसे पाण्यात. इथे कागद नव्हते.

कपाटातल्या दोनच गोष्टींना माझी पसंती. एक म्हणजे सुटकेसाठी दिलेले कापडी नकाशे, शत्रूच्या प्रदेशात पडलात तर घडी घालून कपड्यात लपवायचे, चुरचुर आवाज होत नाही, भिजले तरी चालतात. लोक सगळ्यांनाच रेशमी म्हणतात पण बरेचसे रेयॉनचे आहेत आणि यांनी इथे बरोबर रेयॉन लिहिलं होतं. भरपूर छापले गेले म्हणून अजून परवडतात आणि फ्रेम केले की भिंतीवर फार सुंदर दिसतात. दुसरी म्हणजे 1943 पॅटर्नचे एस्केप बूट, वरचा लोकरीचा भाग आतल्या खिशातल्या छोट्या चाकूने कापून टाकला की खाली साधे नागरी बूट उरतात. चाकू अर्थातच गायब होता, तो बहुतेक जोड्यांत गायबच असतो, पण तसं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

लॉगबुक एकच होतं, आरएएफचा फॉर्म 414, आणि ते विकायला असूनही शांतपणे बसून वाचू दिलं याबद्दल मनापासून आभार. या वह्या अजून मिळतात हेच नशीब, कारण युद्धानंतर ज्या कुणी नेल्या नाहीत त्या साठ सालाच्या सुमारास एअर मिनिस्ट्रीने बहुतेक नष्ट केल्या. स्पिटफायरवरच्या पहिल्या उड्डाणाची ओळ बाकीच्या ओळींसारखीच, तारीख, विमानाचा नंबर, वेळ, आणि शेऱ्यात एकच शब्द. लॉगबुक घेणार असाल तर लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे (सरकारी अभिलेखागारात) एआयआर 27 मधे स्क्वाड्रनची रोजची नोंदवही आहे, एआयआर 50 मधे लढाईचे रिपोर्ट आहेत, दोन-चार तारखा ताडून बघा आणि मगच पैसे काढा. लढाईतल्या लोकांची माहिती 'मेन ऑफ द बॅटल ऑफ ब्रिटन' या जाडजूड कोशात पण आहे, दुकानात त्याची कॉपी काउंटरवर ठेवलेली आहे, फुकट बघा.

अजून एक खटकलं. मागच्या भिंतीवर फ्रेम केलेल्या सह्या आहेत, पायलटचा फोटो, विमानाचं चित्र, मधे खिडकीतून सहीचा तुकडा. त्यातल्या काही चक्क पुस्तकाच्या पानातून कापलेल्या आहेत, कडेला छापील अक्षराचं शेपूट दिसतं. फाटकं पुस्तक असेल तर एकवेळ समजू शकतो पण भिंतीवर शोभा म्हणून चांगली कॉपी कापायची हे मला झेपत नाही. मालक म्हणतो या त्याने कापलेल्या नाहीत, अशाच आल्या. असेल. पण विकतोय तर तोच ना.

आणि भारतीय पायलटांचं काहीच नाही. 1940 मधे ब्रिटनला आलेल्या भारतीय वैमानिकांत महिंदरसिंग पुजी होते, हरिकेन विमान चालवलं, पुढे बर्मा आघाडीवर डीएफसी मिळाला, 2010 पर्यंत हयात होते आणि त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र पण आलं. ग्रेव्हसेंडमधे त्यांचा पुतळा आहे. विचारलं तर म्हणे मागणी नाही. मागणी नाही कारण शेल्फवर नाही, हे कोण सांगणार.

पोस्टाने मागवणाऱ्यांसाठी: पॅकिंग एक नंबर. आधी ॲसिड-फ्री कागद, मग बबल रॅप, मग दोन पुठ्ठ्यांच्या मधे, मग खोका, आणि कोपऱ्यांना वेगळे गादीचे तुकडे, डस्टजॅकेटला मायलरचं (पारदर्शक प्लॅस्टिकचं) कव्हर आधीच घातलेलं. स्पेशल डिलिव्हरीचे पैसे वेगळे लावतात, लावू देत. ब्रिटनमधे पुस्तकांवर व्हॅट शून्य आहे पण मेमोराबिलियावर (अशा आठवणींच्या वस्तूंवर) तसं नाही तेव्हा किंमत व्हॅट धरून आहे का ते विचारून घ्या. ऑनलाइन खरेदी परत करायला तिकडे कायद्यानेच चौदा दिवस मिळतात, हे मात्र सही खोटी निघाली तर कधीही पैसे परत असं बिलावर लेखी देतात. ते बिल पुस्तकात ठेवू नका, शाई लागते, वेगळ्या फोल्डरमधे ठेवा, पुढे विकायची वेळ आली तर त्या बिलाला पण किंमत आहे.

फोन उचलत नाहीत, ईमेल करा. उत्तर दोन ओळींचं येतं पण येतं. नवा माल आला की यादी पाठवतात, चांगलं असतं ते पहिल्या तासात जातं, त्यामुळे आवडलं तर विचार करत बसू नका, आधी 'राखून ठेवा' म्हणून कळवा, पैसे भरायला ते आठवडाभर थांबतात.